चाकोरीतले चाक : लष्करी ट्रकची मागची जोडचाके एकेरी का होतात?

१/
‘चाकोरी’ हा शब्द आपण आता बहुधा नावे ठेवण्यासाठीच वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीतली नोकरी वगैरे. मूळ अर्थ मात्र साधा आणि मातीतला आहे : गाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली खोलगट रेघ. गाडीवान आपली चाके मुद्दाम त्याच रेघेत घालीत असे, कारण तिथली माती आधीच दबलेली असे आणि बैलांना ओढ कमी पडे. आजचा धागा या चाकोरीविषयी आहे. तिच्यापायी जगातल्या मोठमोठ्या सैन्यांनी आपल्या ट्रकांची मागची चाके कशी बदलली, याविषयी. निमित्त नाहूरच्या एका शेडमधल्या जुन्या ट्रकचे.

२/
मुंबईबाहेरच्या मित्रांसाठी : नाहूर हे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्थानक. पश्चिमेकडून लालबहादूर शास्त्री मार्ग जातो. वयस्कर माणसे त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात. पुढे ठाणे, कसारा घाट, नाशिक. आज तिथे उंच इमारती दिसतात, पण हा सारा पट्टा कारखान्यांचा. आपल्या विषयाशी थेट नाते असलेला कारखानाही इथलाच. इटलीतल्या तुरिन शहरात १९२४ साली सुरू झालेल्या सिएट कंपनीने १९५८ साली टाटा समूहाच्या सहकार्याने भारतात पाऊल टाकले आणि तिचा टायरचा कारखाना भांडुपच्या व्हिलेज रोडवर उभा राहिला. नाहूरमध्ये वाढलेल्या मुलाला ट्रकचा टायर ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे.

३/
माझे मामा आयुष्यभर याच रस्त्याच्या कडेला ट्रकचे मिस्त्रीकाम करीत आले. मी इतिहास शिकलो; त्यांनी हब, बेरिंग आणि पाटे शिकले. आमचे एकमत क्वचित होते. दीड वर्षापूर्वी त्यांनी मला एका शेडमध्ये नेले आणि म्हणाले, “तुझ्या कामाचं काहीतरी आहे. बघ, ओळखतोस का.” समोर एक ट्रक होता. पुढून नाक दाबल्यासारखे बसके तोंड, समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली, सुकाणू उजव्या हाताला. मागचा हौदा अर्थात नंतरचा, साध्या मालट्रकचा. पण ते झुकलेल्या काचेचे तोंड एकदा पाहिले की विसरता येत नाही. तो कॅनडाहून आलेला युद्धकाळातला शेवरोलेट होता.

४/
या घराण्याची ओळख करून देणे भाग आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्याला ट्रक हवे होते आणि तेवढे कारखाने ब्रिटनपाशी नव्हते. डंकर्कला तर हजारो वाहने किनाऱ्यावर टाकून सैन्य परतले. मग कॅनडातल्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या परस्परांच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ब्रिटिश युद्ध खात्याच्या अपेक्षेनुसार एकाच आराखड्याचे ट्रक बनवायला घेतले. त्यांना ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’, थोडक्यात सीएमपी म्हणतात. युद्ध संपेपर्यंत असे चार लाखांहून अधिक ट्रक बाहेर पडले. शेवरोलेटमध्ये सहा सिलिंडरचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन, फोर्डमध्ये व्ही-आठ. काच पुढे झुकवण्यामागे कारण असे की तिच्यावरचा सूर्याचा झोत वर विमानांकडे न जाता खाली जमिनीकडे पडावा.

५/
यांतले कितीतरी ट्रक सुट्या भागांच्या पेट्यांतून भारतात आले आणि इथे जोडले गेले. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. तो १९५४ पर्यंत चालला. याच कॅनेडियन सांगाड्यांवर टाटांच्या जमशेदपूरच्या पोलादाचे चिलखत चढवून ‘इंडियन पॅटर्न’ चिलखती गाड्या तयार झाल्या, चार हजारांहून अधिक. सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. महायुद्धाचा इतिहास वाचताना आपल्याला टँक आणि विमाने दिसतात. मला विचाराल तर ते युद्ध मालट्रकांनी जिंकले. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

६/
आता मूळ मुद्दा. सीएमपी तीन-टनी ट्रकला चार चाके, चारही एकेरी, चारही एकाच मापाची, म्हणजे १०.५०-२०. आमच्या नाहूरच्या ट्रकला मात्र मागे प्रत्येक बाजूला दोन दोन टायर होते, रस्त्यावरच्या कुठल्याही मालट्रकसारखे. ट्रकवाले याला ‘डबल टायर’ म्हणतात. म्हणजे कुणीतरी कधीतरी तो बदलला होता. मालकांना तो पुन्हा ‘ओरिजनल’ करायचा होता. चित्रीकरणासाठी जुनी वाहने भाड्याने देण्याचा त्यांचा व्यवसाय आणि महायुद्धाच्या दृश्यात डबल टायरचा सीएमपी उभा केला तर जाणकार हसतात. मामांना काम मिळाले होते ते एवढेच : मागची चाके एकेरी करा.

७/
एवढेच! बाहेरचा टायर काढला की झाले, असे मलाही वाटणे स्वाभाविक होते. मामा हसले आणि त्यांनी मला विचारले, “कावड पाहिली आहेस का रे?”

८/
जोडचाकाची रचना समजून घेऊ. ट्रकच्या चाकाची पोलादी तबकडी सपाट नसते, ताटलीसारखी खोलगट असते. जिथे ती हबला बोल्टने बसते तो भाग एका बाजूला आणि टायर बसतो ती कड दुसऱ्या बाजूला. मागच्या बाजूस अशा दोन तबकड्या परस्परांना पाठ लावून बसवतात. त्यामुळे एक टायर आत, एक टायर बाहेर आणि हबचे तोंड बरोबर दोघांच्या मध्ये. दोन्ही टायरांवरचा भार मध्ये येऊन मिळतो आणि तिथेच हबच्या आतली दोन बेरिंगे तो वाटून घेतात. खांद्यावरच्या कावडीच्या दोन घागरींसारखेच हे. आता एक घागर काढून घ्या. पाणी निम्मे झाले, पण कावड खांद्यावर राहील का?

९/
बाहेरचा टायर काढून आतला ठेवला तर ट्रकची मागची बाजू एकदम अरुंद होते. बाजूला सुमारे अर्धा फूट, म्हणजे एकूण जवळजवळ फूटभर. ट्रक वळणावर कलंडायला मोकळा. उलट आतला काढून बाहेरचा ठेवला तर भाराची रेषा बेरिंगांच्या मधून सरकून बाहेर जाते. मग बाहेरचे बेरिंग एकटे सारे ओझे पेलते, तेही तरफेसारखे वाढलेले. ते काही महिने टिकते. नंतर हब तापतो, खेळ येतो आणि एखाद्या दिवशी चाकच स्वतंत्रपणे पुढे जाते. महामार्गावर असे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

१०/
तेव्हा एकेरी करायचे तर चाक नेमके मध्ये, पुढच्या चाकाच्या रेषेत यायला हवे. त्यासाठी एक तर वेगळ्या खोलीची तबकडी हवी, नाहीतर हबच बदलायला हवा. अमेरिकेत जुने लष्करी अडीच-टनी एम-३५ ट्रक घेणारे हौशी लोक मागचा हब उलटा करून बसवतात. हबचे तोंड आत सरकते आणि पुढचेच चाक मागे बसवले की दोन्हींची चाकोरी जुळते. युक्ती छान आहे. मात्र ती त्या विशिष्ट हबला लागू पडते, सगळ्यांना नाही.

११/
पण मुळात सैन्याला एकेरी चाकांचा एवढा सोस का? इथे आपण पुन्हा चाकोरीकडे येतो. मऊ वाळूत किंवा चिखलात ट्रक चालतो तेव्हा त्याची बरीचशी शक्ती जमीन दाबण्यात खर्च होते. पुढचे चाक माती दाबत जाते. मागचे चाक एकेरी आणि त्याच रेषेत असेल तर त्याला दबलेली, तयार वाट मिळते. जोडचाक असेल तर त्याची रुंदी पुढच्या चाकापेक्षा दुप्पट; त्याला दोन्ही बाजूंनी नवी माती फोडावी लागते. म्हणजे एकाच ट्रकने एका फेरीत दोनदा रस्ता बांधायचा. शिवाय दोन टायरांच्या फटीत दगड अडकतात. अडकलेला दगड दोन्ही टायरांच्या बाजू कापतो किंवा वेगात सुटून मागच्या गाडीच्या काचेवर येतो. चिखल अडकला तर फट भरून दोन टायरांचा मिळून एक गुळगुळीत रूळ होतो.

१२/
हे शिक्षण ब्रिटिशांना इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटाने दिले. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक ब्रिटिश अधिकारी १९३० च्या आगेमागे सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन तिथे भटकत असे. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी वाळूत रुतत नाही, असे साधे धडे त्याने स्वतः गिरवले होते. वाळू वाऱ्याने कशी वाहते यावर त्याने १९४१ साली लिहिलेला ग्रंथ आजही भूशास्त्रज्ञ वाचतात. १९४० साली त्यानेच ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल आत जाऊन टेहळणी करणारी ही तुकडी कॅनडात बांधलेले दीड-टनी शेवरोलेट वापरी, मागेही एकेरी, रुंद टायर लावलेले. तिच्याशी जोडून काम करणारा ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही होता. जाट, मुस्लिम, राजपूत आणि शीख अशा त्याच्या गस्ती तुकड्या भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांमधून निवडल्या होत्या. घोडे जाऊन जेमतेम काही वर्षे झाली होती आणि ही माणसे वाळवंटात टायरची हवा बोटाने दाबून ओळखीत होती.

१३/
अमेरिकनांनी मात्र उलटा निर्णय घेतला आणि त्यांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. त्यांच्या प्रसिद्ध जीएमसी अडीच-टनी ट्रकला, सैनिकांच्या लाडक्या ‘जिमी’ला, सहा नव्हे दहा टायर होते : पुढे दोन, मागच्या दोन आसांवर चार चार. माप ७.५०-२०, म्हणजे त्या काळच्या साध्या मालट्रकाचेच. कारखान्यांत या मापाचे साचे तयार होते. दहाही टायर सारखे, म्हणून एकच स्टेपनी कुठेही चाले. एक फुटला तर शेजारच्याच्या जिवावर ट्रक तळापर्यंत पोहोचे. शिवाय १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक सगळा पुरवठा तुटला. अशा वेळी नव्या अवाढव्य मापाच्या टायरची चैन कुणाला? युरोपच्या डांबरी रस्त्यांवर जिमी उत्तम धावला. आदर्श यंत्र आणि हाताशी असलेले यंत्र यांत युद्ध बहुधा दुसऱ्याची निवड करते.

१४/
तरीही अमेरिकेला आपली जोडचाके काढावी लागली. तीही त्याच जिमीची. १९४२ साली जिमीच्या सांगाड्यावर बोटीचे अंग चढवून ‘डक’ हे उभयचर वाहन तयार झाले. समुद्रातून आलेले वाहन पहिल्यांदा टेकते ते ओल्या, भुसभुशीत वाळूवर. तिथे दहा टायरांचा डक रुतला असता. म्हणून अभियंत्यांनी मागची जोडचाके काढून सहाही ठिकाणी एकेरी, रुंद ११.००-१८ टायर लावले. पुढे त्यात एक विलक्षण सोय आली : चालकाने आपल्या जागेवरून, ट्रक चालू असताना टायरची हवा कमी-जास्त करायची. वाळूवर कमी, डांबरावर जास्त. बॅग्नोल्ड जे खाली उतरून, गुडघे टेकून करी ते आता एका दांड्याने होऊ लागले. असे एकवीस हजारांहून अधिक डक बनले. लष्करी ट्रकचा मागचा आस जोडचाकावरून एकेरीवर नेल्याचे इतिहासातले सर्वांत मोठे आणि यशस्वी उदाहरण मी यालाच मानतो.

१५/
जाता जाता : किनाऱ्यावर उतरण्याचा सराव आपल्या महाराष्ट्रातही होत असे, तोही समुद्रापासून दूर. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठी तिन्ही दलांचे संयुक्त प्रशिक्षण केंद्र होते आणि काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ नावाचे खोटे जहाज उभे केले होते. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना या केंद्राचे अस्तित्वही एक कारण ठरले.

१६/
युद्धानंतर अमेरिकन सैन्य पुन्हा जोडचाकांकडे गेले आणि पुन्हा परतले. पाच-टनी एम-९३९ ट्रकची वंशावळ पाहा. मूळ एम-९३९ ला मागे जोडचाके, ११.००-२० मापाची. सुधारलेल्या ए-१ आवृत्तीला सगळीकडे एकेरी १४.००-२०. नंतरच्या ए-२ ला तेच टायर आणि वर चालकाच्या हाती हवेचे नियंत्रण. म्हणजे डकची १९४२ सालची शहाणीव मालट्रकांत मुरायला चाळीस वर्षे लागली. सैन्ये हळू शिकतात, आणि शिकलेले विसरून पुन्हा शिकतात.

१७/
आता थोडे गणित. कुठल्याही ट्रकच्या टायरच्या बाजूवर १४६/१४३ असा जोड-आकडा शोधा. हा भार-निर्देशांक. पहिला आकडा एकेरी वापरासाठी, दुसरा जोडीसाठी. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. तोच टायर, पण जोडीत त्याची क्षमता कमी धरतात. कारण रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, दोन टायरांची हवा कधी सारखी नसते आणि भार कधीच समसमान वाटला जात नाही. एकत्र कुटुंबासारखेच, असे मामांचे म्हणणे. तर १०.००-२० चे असे चार टायर एका आसावर १०,९०० किलो पेलतात. त्यांच्या जागी १६४ निर्देशांकाचे, म्हणजे ५००० किलोंचे, १४.००-२० चे दोन लावले तर १०,००० किलो. आसामागे नऊशे किलो गेले. सैन्याला ते परवडते. आपल्या मालवाहतुकीला परवडत नाही, आणि म्हणून आग्रा रोडवर तुम्हाला डबल टायरच दिसतात.

१८/
दुसरी किंमत उंचीची. १०.००-२० चा व्यास सुमारे साडेएकेचाळीस इंच, १४.००-२० चा सुमारे एकोणपन्नास. टायर १८ टक्क्यांनी मोठा झाला की जणू सगळे गिअर तेवढे लांब होतात. पहिल्या गिअरची ओढ कमी, स्पीडोमीटर पन्नास दाखवील तेव्हा खरा वेग एकोणसाठ, आणि तेच ब्रेक आता मोठ्या चाकाशी झुंजणार. पुढचा आसही इंजिनाला जोडलेला असेल, म्हणजे ट्रक ‘फोर बाय फोर’ असेल, तर पुढे-मागे वेगळ्या व्यासाची चाके चालतच नाहीत. दोन्ही आस परस्परांना पिळतात आणि मधली गिअरपेटी तुटते. केवळ रुबाबासाठी मोठे एकेरी टायर चढवणाऱ्या तरुण मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ ही एकदा वाचावे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करायला ते मनाई करते.

१९/
आमच्या ट्रकला ही अडचण नव्हती. त्याला मोठे नव्हे, मूळच्याच मापाच्या जवळचे टायर हवे होते. १०.५०-२० सहज मिळत नाहीत, म्हणून १०.००-२० घ्यायचे ठरले. अडचण निराळीच निघाली आणि ती माझी होती, मामांची नव्हे.

२०/
ट्रक जॅकवर चढवून मागची चाके काढली तेव्हा खालचे सारे काम उघडे पडले. पाट्यांमध्ये मूळच्यापेक्षा जास्त पाने घातलेली होती, प्रत्येक पान हाताने ठोकून वाकवलेले. तबकड्या कुठल्याशा नागरी ट्रकच्या, त्यांची भोके ओतकामाच्या कड्या घालून जुळवलेली. स्टड लांब, नव्याने आटे पाडलेले. चिखलरोधक पत्रा कापून, रुंद करून पुन्हा रिव्हेट मारलेला. वेल्डिंग कमी आणि रिव्हेट जास्त, त्यावरून मामांनी काम फार जुने असल्याचे ओळखले. हा ट्रक युद्धानंतर ‘डिस्पोजल’मध्ये विकला गेला असणार. तो शब्दच त्या काळाने मराठीला दिला. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचा तंबू. नवे ट्रक मिळणे दुर्मीळ होते. सरकारी एस.टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना नुकता उभा राहत होता. अशा काळात कुणा वाहतूकदाराने तीन टनांचा लष्करी ट्रक घेतला, त्याला जास्त पाटे आणि जोडचाके दिली आणि तीन टनांच्या कितीतरी वर माल भरून कसारा घाट चढवला.

२१/
मी मालकांना म्हणालो की हे काढू नका. युद्धात हा ट्रक जास्तीत जास्त तीन-चार वर्षे राबला असेल. डबल टायरवर तो कदाचित तीस वर्षे चालला. मूळ कोणते आणि बदललेले कोणते? ओशावाच्या कारखान्यातून निघालेला सीएमपी जगात हजारोंनी जपला आहे, कॅनडात, ब्रिटनमध्ये, नेदरलँड्समध्ये. मुंबईच्या मिस्त्रीने हातोडीने मालट्रक केलेला सीएमपी किती ठिकाणी उरला आहे? आपण वाड्याच्या दगडी चौथऱ्यावरची नंतरची भिंत पाडतो आणि तिला जीर्णोद्धार म्हणतो, तसेच हे होईल.

२२/
मालक सभ्य गृहस्थ. शांतपणे ऐकून म्हणाले, “तुमचं पटतं मला. पण भाडं सैन्याच्या ट्रकचं मिळतं, वाहतूकदाराच्या नाही.” मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पाने मोजत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “शेठ, एकेरी करून देतो. पण काढलेलं काही भंगारात जाणार नाही. ही पानं ज्यानं बसवली त्याला काम येत होतं.” इतिहासाच्या पदवीने जे साधले नाही ते या एका वाक्याने साधले.

२३/
काम तीन आठवडे चालले. मूळ पद्धतीचे मागचे हब पंजाबमधल्या एका जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडून आले, तबकड्या दुसरीकडून. त्या तबकड्या दोन भागांच्या, युद्धकाळच्या ब्रिटिश पद्धतीच्या होत्या; अशा चाकाला नटांची दोन वर्तुळे असतात. एक वर्तुळ चाक हबला धरते, दुसरे तबकडीचे दोन अर्धे परस्परांना. टायरमध्ये हवा असताना चुकून दुसऱ्या वर्तुळाचे नट सोडले तर चाक बॉम्बसारखे फुटते आणि समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून सैन्यात ते नट लाल रंगवण्याची शिस्त होती. आमच्या तबकड्यांवरचा रंग केव्हाच गेला होता. मामांनी पाना हाती घेण्यापूर्वी लाल रंगाचा डबा मागवला, एकेक नट स्वतः रंगवला आणि हाताखालच्या पोराला बजावले, “आधी व्हॉल्व्हची पिन बाहेर, मग बाकी सगळं. लाल नटाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

२४/
जास्तीची पाने काढायची की ठेवायची यावर शेवटी वाद झाला. ठेवली तर रिकामा ट्रक एकेरी चाकांवर दगडासारखा उडतो. काढली तर माझा पुरावा जातो. मामांनी निम्मी काढली आणि प्रत्येकावर खडूने नव्हे, छिन्नीने क्रमांक घातले. ती पाने, लांब स्टड, कड्या आणि चारही नागरी तबकड्या आता हौद्यात एका लाकडी पेटीत आहेत. पेटीच्या झाकणावर मी एक कागद चिकटवला आहे : कोणता भाग कुठे होता, कोणत्या क्रमाने बसतो. कुणाला तो ट्रक पुन्हा मालट्रक करायचा झाला तर एका दिवसाचे काम.

२५/
चाचणी शेडमागच्या मोकळ्या जागेत झाली. पावसाळा संपत आला होता, जमीन अजून ओली होती. ट्रक सरळ चाळीस फूट गेला आणि थांबला. मामांनी मोजपट्टी काढली. पुढच्या आणि मागच्या टायरची खूण एकच होती, डाव्या बाजूला पाऊण इंचाचा फरक. “जुना सांगाडा आहे, थोडा वाकणारच,” ते म्हणाले आणि पट्टी खिशात ठेवून चहा सांगायला गेले.